राष्ट्रीय जंतनाशक दिन : गोळी उत्तम, पण कोपीवरच्या मुलापर्यंत ती पोहोचायला हवी

दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत शाळांमधून आणि अंगणवाड्यांमधून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना जंतांची गोळी मोफत दिली जाते. बहुतेक पालकांना हा कार्यक्रम ‘शाळेत गोळी देतात तो दिवस’ एवढाच माहीत असतो. केंद्र सरकारने २०१५ च्या फेब्रुवारीत तो सुरू केला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा आहेत, मात्र प्रत्यक्ष दिवस राज्याच्या सूचनेनुसार मागेपुढे होतो. मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. इथे हंगामात ऊसतोड कामगार कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. या दिवशी गोळ्या माझ्याच हातून मुलांच्या तोंडात जातात. दुकानातून आणलेल्या वस्तूचे आपण जसे गुणदोष पाहतो, तसेच या सेवेचेही पाहिले पाहिजेत, असे मला वाटते, कारण ही वस्तू आपल्या मुलांच्या पोटात जाते आणि तिचा खर्च आपल्या सर्वांच्या करातून होतो.

आधी गोळीविषयी सांगते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची ही गोळी चघळून खाण्याची आणि चवीला गोडसर असते, त्यामुळे पहिली-दुसरीतील मुलेही ती फारशी कुरकूर न करता खातात. २ वर्षांवरील सर्वांना एक पूर्ण गोळी आणि १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, असे प्रमाण आहे. ३ वर्षांखालील मुलांसाठी ती दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची आणि पाण्यातून पाजायची असते. ही सूचना अनेक जण किरकोळ समजतात, पण रडणाऱ्या बाळाच्या तोंडात अख्खी गोळी कोंबली तर ती घशात अडकून जीव जाऊ शकतो, म्हणून अंगणवाडीत ही पूड डोळ्यांसमोर होते की नाही, हे पालकांनी आवर्जून पाहावे. हे औषध आतड्यातून रक्तात फार थोडे शोषले जाते आणि आपले काम मुख्यतः आतड्यातच करते. ते जंताला साखर शोषून घेऊ देत नाही, त्यामुळे काही दिवसांत जंत निस्तेज होऊन मरतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. गोलकृमीवर, म्हणजे गांडुळासारखा लांब दिसणारा जो जंत आपल्या लोकांना चांगला माहीत आहे त्याच्यावर, एकच मात्रा अतिशय प्रभावी ठरते. रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीवरही तिचा परिणाम चांगला होतो. चाबकासारख्या बारीक कृमीवर मात्र एका मात्रेचा प्रभाव कमी पडतो, हेही पालकांना माहीत असावे. बाजारात हेच औषध एका गोळीच्या पाकिटात किंवा लहान बाटलीतील पातळ स्वरूपात थोडक्या रुपयांत मिळते. शाळेतील मोफत गोळीतही तेच औषध त्याच प्रमाणात असते, त्यामुळे फुकटची म्हणून तिच्याकडे संशयाने पाहण्याचे काहीही कारण नाही.

शाळेतील व्यवस्थेलाही मी चांगले गुण देईन. गोळी घरी न्यायला द्यायची नाही, मुलाने ती आपल्यासमोर चावून गिळलेली पाहायची, पिण्याचे पाणी जवळ ठेवायचे, आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायची नाही आणि हजेरीपटावर नावापुढे खूण करायची, अशी ही पद्धत आहे. जे मूल त्या दिवशी गैरहजर असेल त्याला काही दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या फेरीत, म्हणजे ‘मॉप-अप’ दिवशी, गोळी मिळते आणि त्याच्या नावापुढे दोन खुणा होतात. काही मुलांना गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी किंवा एखादी उलटी होते. पोटात जंत जास्त असलेल्या मुलांमध्ये हे अधिक दिसते आणि सावलीत आडवे केल्यावर, पाणी पाजल्यावर ते बहुधा थोड्या वेळात शमते. आमच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका त्या दिवशी हाकेच्या अंतरावर असतात आणि आशाताई आधीच्या आठवड्यात घरोघरी सांगून आलेल्या असतात. या दोघींमुळेच पालकांची भीती कमी झाली आहे, हे मी मनापासून नोंदवते.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती समजण्यासाठी जंतांमुळे आतडे बंद पडते म्हणजे नेमके काय होते, हे सविस्तर सांगायला हवे.

गोलकृमी सुमारे २० ते ३५ सेंटीमीटर लांब वाढतो आणि त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ही अंडी शौचावाटे बाहेर पडतात, ओलसर आणि सावलीच्या मातीत दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीच्या हातांतून, नखांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून पुन्हा माणसाच्या पोटात जातात. तिथे बाहेर पडलेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात आणि फुप्फुसांत जाते, श्वासनळीतून वर घशाशी येते, गिळली जाऊन पुन्हा लहान आतड्यात उतरते आणि तिथे मोठी होते. हा सारा प्रवास होऊन मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा जंत पोटातल्या पोटात वाढत जाऊन एकाचे दहा होत नाही. जितकी अंडी गिळली जातील, त्याच हिशेबात जंत होतात. म्हणून पाच-सात जंत असलेल्या मुलाला बहुधा काहीच जाणवत नाही, तर दिवसभर त्याच दूषित मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ते डझनांनी साठतात.

एवढे जंत साठले की ते एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी लहान आतड्याचा जो शेवटचा अरुंद भाग असतो, तिथे हा गोळा बहुधा अडकतो, आणि लहान मुलाचे आतडे मुळातच अरुंद असल्यामुळे ते पूर्ण बंद होऊ शकते. मग पोटात कळा येऊन थांबतात आणि पुन्हा येतात, पोट फुगते, उलट्या सुरू होऊन पुढे हिरव्या होतात, शौचाला होत नाही आणि वायूही सरत नाही. कधी उलटीतूनच जंत पडतो, तर कधी पोटावर हात ठेवला की कणकेसारखा गोळा लागतो. वेळ गेला तर जंतांच्या भाराने आतड्याला पीळ पडू शकतो, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरू शकतो किंवा रक्तपुरवठा तुटून आतडे सडू शकते आणि फाटू शकते. आतड्यातील अडथळ्याची कारणे पाहिली तर मोठ्या माणसांत जुन्या शस्त्रक्रियेनंतरची चिकटलेली आतडी आणि हर्निया ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. जंतांचा गोळा हे आता दुर्मीळ कारण मानले जाते, आणि दुर्मीळ असल्यामुळेच ते लवकर कोणाच्या मनात येत नाही.

आमच्याकडे एका हंगामात हेच घडले. बीड जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड कुटुंबातील एक मुलगी कोप्यांवरून आमच्या शाळेत येत असे. तिचा धाकटा भाऊ पोटात दुखते म्हणून रडत होता. आईबाप पहाटे अंधारातच फडावर जात, त्यामुळे दिवसभर तो शेजारच्या म्हातारीजवळ राही. जवळच्या एका दवाखान्यात त्याला गॅसचे औषध देऊन परत पाठवले होते. मधल्या सुट्टीत मुलीने मला येऊन सांगितले, “बाई, भावाच्या तोंडातून जंत पडला.” आम्ही लगेच कोपीवर गेलो, तेव्हा मुलाचे पोट ताणलेले होते आणि डोळे खोल गेले होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्याला सरकारी रुग्णालयात नेले. एक्स-रे आणि सोनोग्राफी झाल्यावर तिथल्या सर्जननी त्याच्या आईला पडद्यावर दोन समांतर रेषा दाखवल्या आणि रुळासारखे दिसणारे ते जंत आहेत, असे समजावून सांगितले.

त्या मुलाचे पोट कापावे लागले नाही. डॉक्टरांनी त्याचे खाणेपिणे बंद ठेवले, नाकातून जठरात नळी घालून आतले साठलेले द्रव काढले, सलाइनने शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढले आणि दिवसातून अनेकदा पोट तपासून वाट पाहिली. हळूहळू गोळा सुटला आणि जंत खाली सरकून बाहेर पडू लागले. डॉक्टरांनी सांगितले की, आतड्याला इजा झालेली नसेल तर बहुतेक मुले अशीच बरी होतात. पोट ताठ होणे, ताप चढणे, नाडी वेगाने चालणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र शस्त्रक्रिया टाळता येत नाही. तेव्हा आतडे चांगले असेल तर जंत हाताने हलके दाबत मोठ्या आतड्याकडे सरकवतात किंवा लहानसा छेद घेऊन बाहेर काढतात, आणि सडलेला भाग असेल तर तो कापून काढावा लागतो. आतडे बंद असताना त्यांनी जंताचे औषध दिले नाही. अडथळा पूर्ण सुटल्यावर, घरी सोडण्याआधी ते दिले.

हे शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जंतांची काही औषधे जंताला आखडवून टाकतात, आणि अडकलेल्या गोळ्यातील जंत आखडले किंवा एकाच वेळी मेले तर अडथळा वाढू शकतो. म्हणून ज्या मुलाला उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे आणि शौचास झालेले नाही, त्याला ‘जंतच असतील’ म्हणून घरी गोळी देऊ नये आणि त्या दिवशी शाळेतही देऊ नये. आपल्याकडे पोट साफ करण्यासाठी एरंडेल पाजण्याची जुनी पद्धत आहे. बंद पडलेल्या आतड्यावर असा जुलाब म्हणजे थेट धोका आहे. वावडिंगाचे पाणी माझ्या आजीनेही आम्हाला पाजले आहे आणि त्याविषयी मला आदर आहे, पण पोटात जंतांचा गोळा अडकलेला असताना वावडिंगावर वेळ घालवणे म्हणजे मुलाच्या आतड्यासाठी उरलेला वेळ गमावणे होय.

आता माझ्या तक्रारीकडे येते. एखाद्या गावातील जंत सर्व मुलांमध्ये सारखे वाटलेले नसतात. जंतांचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर हेच दिसले आहे की, बहुसंख्य मुलांच्या पोटात थोडे जंत असतात आणि मोजक्या मुलांच्या पोटात बहुतेक सगळे जंत असतात. आतडे बंद पडते ते या मोजक्या मुलांचे. म्हणून शंभरपैकी पंचाण्णव मुलांना गोळी दिली, हा आकडा कागदावर कितीही समाधान देणारा असला, तरी राहिलेली पाच मुले कोण आहेत, यावर या सेवेची किंमत ठरते. आमच्या पट्ट्यात ती पाच मुले बहुतेक वेळा कोपीवरची असतात. जिथे शौचालय नाही, जिथे उसाच्या सरीतच शौचाला जावे लागते आणि तिथल्याच ओल्या, सावलीच्या मातीत मुले दिवसभर खेळतात, तिथली ही मुले म्हणजे जंतांचा सर्वाधिक भार वाहणारी मुले.

यात तारखेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून लाखो माणसे या काळात कुटुंबांसह गाव सोडतात. म्हणजे १० फेब्रुवारीला ऊसतोड कामगाराचे मूल आपल्या गावातील हजेरीपटावर गैरहजर असते, आणि ज्या गावात ते प्रत्यक्ष राहते तिथल्या हजेरीपटावर त्याचे नावच नसते. गावी त्याच्या नावापुढे खूण होत नाही आणि इथे खूण करायला नाव नाही. हंगामी वसतिगृहांत मागे राहिलेल्या मुलांना गोळी मिळते, ही चांगली गोष्ट आहे, पण वसतिगृहात शाळेच्या वयाचीच मुले राहू शकतात. दोन-तीन वर्षांची पोरे आईच्या पाठीशी कोपीवरच येतात, आणि तीच जास्त धोक्यात असतात. ऑगस्टची फेरी मुले गावी असताना येते, म्हणून ती त्यांच्यासाठी खरी फेरी आहे. मात्र ऑगस्टमध्ये घेतलेल्या गोळीने पुढच्या हंगामातल्या संसर्गापासून संरक्षण मिळत नाही. ही लस नव्हे. गोळीने पोटातील जंत जातात, मातीतील अंडी तशीच राहतात, आणि तीच माती पुन्हा तोंडात गेली की वर्षभरात संसर्ग बऱ्याच अंशी पूर्वीसारखा होतो.

कार्यक्रमाच्या नियमांत ही उणीव नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शाळेत नाव नसलेल्या मुलांना अंगणवाडीत गोळी द्यावी, असे त्यात स्पष्ट आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीत. कोपी गावापासून दूर, कारखान्याच्या किंवा शेताच्या कडेला असते. अंगणवाडी सेविकेकडे आधीच पोषण आहार, वजन, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणे एवढे काम असते. दुपारी तिने कोपीवर जायचे म्हटले, तरी तिथे आईबाप नसतात, आणि अनोळखी बाईने दिलेली गोळी कोणते मूल खाईल? त्या मुलाच्या आजारानंतर आम्ही शाळेतील शिक्षक, सेविकाताई आणि आशाताई यांनी मिळून दुसऱ्या फेरीच्या, म्हणजे मॉप-अपच्या, दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास कोपीवर जायला सुरुवात केली. मुकादमाला आदल्या दिवशी निरोप देतो, बैलगाड्या परत आल्या की आईच्या समोर मुलाला गोळी देतो, आणि कोणाला उलटी, पोटफुगी किंवा ताप आहे का, हे आधी विचारतो. आयांनी एकदाही नकार दिलेला नाही. उलट स्वतःसाठीही गोळी मिळेल का, असे त्या विचारतात. १९ वर्षांपर्यंतच्या मुलींना ती देता येते. मोठ्या बायकांना आम्ही आरोग्य केंद्राकडे पाठवतो, कारण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळायचे असते आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

अशा सामूहिक गोळीवाटपाने मुलांचे वजन, उंची आणि शाळेतील हजेरी खरोखर सुधारते का, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, आणि मी ते वाचले आहेत. केनियातील शाळांमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात गैरहजेरी लक्षणीय कमी झाल्याचे म्हटले होते. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या काहींना सरसकट वाटपाचा वजनावर आणि अभ्यासावर फारसा परिणाम दिसला नाही. माझ्या वर्गापुरते मी यातले काहीच सिद्ध करू शकत नाही. पण ज्याच्या पोटात जंतांची गर्दी आहे, त्या मुलाला गोळी मिळाली पाहिजे, यावर कोणाचेच दुमत नाही, आणि सरासरीच्या हिशेबात असे मूल दिसत नाही.

म्हणून पाचपैकी गुण द्यायचे झाले तर गोळीला मी पाच देईन, शाळेतील अंमलबजावणीला साडेचार देईन आणि शाळेबाहेरच्या मुलांपर्यंत पोहोचण्याला दोनच देईन. हे दोनाचे चार होण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. साखर कारखान्याच्या परिसरातील प्रत्येक कोपीतळ हंगामाच्या सुरुवातीला जवळच्या अंगणवाडीच्या यादीत घालावा, गोळ्यांची मागणी करताना ही मुले मोजावीत आणि दुसऱ्या फेरीची वेळ तिथे संध्याकाळची ठेवावी. वीटभट्टी आणि बांधकामाच्या जागांनाही हेच लागू पडते. कारखान्यांनी कोपीतळावर फिरती शौचालये आणि हात धुण्यासाठी पाणी दिले, तर गोळीचे अर्धे काम हलके होईल. ते होईपर्यंत मुलांची नखे कापणे, शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुणे आणि पायात चपला घालणे एवढे तरी शिक्षकांनी रोज पाहावे. चपलेचा उपयोग मुख्यतः अंकुशकृमीसाठी आहे, कारण तो तळपायाच्या कातडीतून शिरतो.

हे वाचणाऱ्या पालकांपैकी कोणी नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेले असेल, किंवा कोणाचे मूल कोणत्याच शाळेत जात नसेल, तर त्या दिवशी त्याला जवळच्या अंगणवाडीत घेऊन जावे. आजारी असेल तर तसे आधी सांगावे आणि बरे झाल्यावर दुसऱ्या फेरीला न्यावे. मुलाला पूर्वी झटके आले असतील, तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण मेंदूत फीतकृमीच्या गाठी असलेल्या रुग्णांना या औषधानंतर झटके येऊ शकतात. आणि तुमच्या शेताच्या बांधाशी कोप्या पडल्या असतील, तर तिथे लहान मुले किती आहेत, हे सेविकाताईंना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच कळवावे, म्हणजे तेवढ्या गोळ्या वेळेवर मागवता येतात.